किलोमीटरवरचा माझा विश्वास

शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा विमानप्रवासाचा माझा हिशेब ग्लोब आणि दोऱ्यात आटपायचा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे 14 तास. कंपन्या त्याहून जास्त वेळ सांगतात तो आपला उशीर झाकायला, हे माझं ठाम मत. वर्गातही तेच सांगायचो. आज सांगणार नाही.

ते मत पहिल्यांदा हललं 2016 साली. एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे 13,900 किलोमीटरवरून 15,300 वर गेली आणि प्रवास मात्र जवळपास 2 तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. लांबची वाट लवकर पोचवते, हे दोऱ्याला कसं कळणार?

गंमत म्हणजे कारण मला पाठ होतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे मी वर्षानुवर्षं शिकवले, पण मान्सूनच्या धड्यात. विमानाशी त्यांची सोयरीक कधी जुळवलीच नाही. विमानाचे ते 900 भोवतालच्या हवेच्या हिशेबाने असतात. हवाच ताशी 150 ने पूर्वेला निघाली असेल, तर जमिनीवरून पाहताना तेच विमान एका दिशेला 1,050 ने जातं, उलट दिशेला 750 ने. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. (हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतं, असं सांगणारे शिकलेले लोक भेटतात. पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं की!)

वारा मिळवून-वजा करून भागाकार मी तरीही चालू ठेवला होता. तो सुटला 2022 नंतर. रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास 13 तासांच्या घरात गेला. काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली-अमेरिका मार्गावरच्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. दोऱ्याची लांबी होती तेवढीच.

हल्ली कुणी परदेशातलं अंतर विचारलं की मी उलट विचारतो: जाताना की येताना, कुठल्या महिन्यात, कोणाच्या हद्दीवरून? लोक वैतागतात. वेळापत्रकात छापलेल्या तासांना मी आता किलोमीटरपेक्षा जास्त मान देतो.

मुंबई-नागपूरला मात्र नाही. जेमतेम सातशे किलोमीटरला दीड तास आणि वर पाच-दहा मिनिटं लिहितात, तिथे ना जेट वाऱ्यांची तेवढी सबब, ना कोणाची सरहद्द. धावपट्टीवरची रांग आणि उशिरासाठी आधीच राखलेली मिनिटं. तेवढ्यापुरता माझा जुना संशय शाबूत आहे.