चार मिलिसेकंदांचं भांडण

दिवाळीनंतर एकदा फोनवर बाबांना सांगून टाकलं, "बाबा, मी इथंच फ्लॅट बघतोय. बेंगळुरूलाच."

पलीकडे शांतता. मग आम्ही दोघं एकदम बोललो, एकदम थांबलो, पुन्हा एकदमच "हां, बोला", "हां, बोल" झालं. शेवटी ते म्हणाले, "बरं. बघ." आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'चा मी तीन आठवडे कीस पाडत होतो. बार्शीचं घर, आई गेल्यापासून त्यात एकटे राहणारे बाबा, मी कधीतरी परत येईन हे कुणीच न बोललेलं गृहीतक. सगळं मी त्या शांततेत भरून टाकलं. नंतरचे फोन दोन-दोन मिनिटांत आटोपले.

गंमत म्हणजे माझं कामच हे आहे. कॉलिंग अ‍ॅपमध्ये आवाजाची पॅकेट उशिरा पोचली तर काय करायचं, याचा कोड मी लिहितो. तो कॉल माझ्या टेस्ट बिल्डवरून होता, म्हणजे नोंदी माझ्याच फोनमध्ये होत्या. एका रात्री उघडून पाहिल्या. आवाज तिकडे जाऊन परत यायला सरासरी ७०० मिलिसेकंद.

तो आकडा बघताना कॉलेजातलं एक उत्तर आठवलं : एटीएमचा सेल ५३ बाइटचा असतो. पैसे काढायचं एटीएम नव्हे, असिंक्रोनस ट्रान्सफर मोड. परीक्षेत आकडा लिहिला, दोन मार्क मिळाले. ५३च का, हे ना मी विचारलं, ना सरांनी सांगितलं.

गोष्ट बरीच मागे जाते. आवाजाचे आकडे करून पाठवायची कल्पना अ‍ॅलेक रीव्हज या इंग्रज इंजिनिअरला १९३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये सुचली. ती टेलिफोनच्या जाळ्यात रोजच्या वापरात आली १९६२मध्ये, बेल लॅब्जच्या टी-१ प्रणालीतून. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे, असे २४ कॉल तांब्याच्या दोन जोड्यांवरून सेकंदाला १५ लाख ४४ हजार बिट वेगाने पाठवायचे. जुन्या तारांवर दर ६,००० फुटांवर कॉइल बसवलेल्या असत. त्या काढून त्याच मॅनहोलमध्ये सिग्नल ताजा करणारे रिपीटर बसवले. नवीन खड्डे खणायला नकोत, हा हिशोब मला फार आवडतो.

१९८०च्या दशकात स्वप्न मोठं झालं : आवाज, डेटा, व्हिडिओ, सगळ्यांसाठी एकच जाळं. आयएसडीएन घरोघरी १४४ किलोबिट देणार होतं, व्हिडिओला ते कुठे पुरणार? फ्रान्समध्ये लानियोंच्या प्रयोगशाळेत जाँ-पिएर कुद्रूझ आणि अमेरिकेत जोनाथन टर्नर साधारण एकाच सुमारास एका दिशेने विचार करत होते. कुद्रूझच्या वाटेने पुढे एटीएम आलं. सगळी माहिती छोट्या, सारख्या आकाराच्या तुकड्यांत चिरायची. आकार ठरलेला असला की तुकडा कुठे वळवायचा हे काम थेट चिप करू शकते. मग १५५ मेगाबिटचा वेगही आवाक्यात येतो.

भांडण झालं ते तुकडा केवढा, यावरून.

फोनवरच्या आवाजाचा एक बाइट दर १२५ मायक्रोसेकंदांनी तयार होतो. म्हणजे ३२ बाइट भरायला ४ मिलिसेकंद थांबावं लागतं, ६४ भरायला ८. त्यात घरापर्यंतची दोन तारांची लाइन जिथे चार तारांना जोडली जाते, तिथून थोडा आवाज परत फिरतो. तो लगेच आला तर कानाला कळत नाही. उशिरा आला की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येतं. मग तो पुसायला वेगळी यंत्रं लागतात. फ्रान्स आटोपशीर देश. ३२ बाइट ठेवले तर देशातल्या देशात ती यंत्रं टाळता येतील, असा त्यांचा हिशोब. अमेरिकेत अंतरंच एवढी की यंत्रं आधीच बसवलेली. त्यांना ६४ हवे होते, कारण प्रत्येक तुकड्यावर पत्त्याचे बाइट चिकटवावे लागतात आणि तुकडा लहान तर नासाडी जास्त.

१९८९मध्ये दोन्हींची सरासरी काढली : ४८. पत्त्याचे ५ मिळून ५३. कुणाचंच पुरतं समाधान झालं नाही.

पुढे जग इंटरनेटच्या पद्धतीने गेलं. पण शाळेत असताना आमच्या घरी टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं, तेव्हा लाइनमननं सांगितलेले दोन आकडे बाबांनी डायरीत लिहून ठेवले होते : व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५. ते त्याच ५ बाइटमधले पत्ते. बार्शीतल्या आमच्या हॉलमध्येही ५३चे तुकडे येत होते.

आज आमच्या अ‍ॅपमध्ये एक पॅकेट भरायलाच आम्ही २० मिलिसेकंद घेतो. त्यावर कुणी मीटिंगही लावत नाही. त्या लोकांची चिंता प्रतिध्वनीची होती, माझी अडचण दोघं एकदम बोलण्याची. पण मूळ एकच : उशीर. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतं, असं टेलिफोनवाल्यांचं मानक सांगतं. आमच्या कॉलमध्ये ३५०च्या आसपास होते.

मला सगळा दोष नेटवर्कवर टाकायचा होता. पण ती पहिली शांतता तीन-चार सेकंदांची तरी होती. त्यातला पाऊण सेकंदही नेटवर्कचा नव्हता. उरलेली बाबांची होती.

दुसऱ्या दिवशी साधा फोन लावला. "त्या दिवशी फ्लॅटचं सांगितलं, तेव्हा तुम्ही काय बोलणार होता?"

"लिफ्ट आहे का विचारत होतो. माझे गुडघे माहितीयेत ना तुला. पण मी तोंड उघडलं की तू मध्येच. म्हटलं घाईत असशील."

"आणि आधी गप्प का झालात?"

"वाईट वाटलंच की. म्हणून काय लिफ्टचं विचारायचं नाही होय?"

"आहे बाबा, लिफ्ट आहे," मी म्हणालो. आणि या वेळी त्यांचं बोलणं येईपर्यंत गप्प बसलो.