मादी ओळीतला तुरा

संकरित मका तयार करायचा म्हणजे आधी चांगला मका बिघडवायचा. माझ्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

मका हे वाऱ्यावर फळणारं पीक. तुरा शेंड्याला, कणीस झाडाच्या मध्यावर, आणि कणसाच्या एकेका मिशीच्या मुळाशी एकेक दाणा. पराग उडत येऊन मिशीवर बसतो, तिच्यातून खाली उतरतो, तेव्हा कुठे तो दाणा भरतो. हा वाऱ्याचा कारभार आम्ही बंद पाडतो. मिशा डोकावायच्या आधीच कोवळ्या कणसावर बटर पेपरची पिशवी चढवायची. पराग घ्यायच्या आदल्या दिवशी तुऱ्याला खाकी पिशवी बांधायची. सकाळी दव सुकलं, नऊ-दहा वाजले, की तुरा वाकवून पिशवीला टिचक्या मारायच्या. आत जमलेली पिवळी भुकटी त्याच झाडाच्या मिशांवर ओतायची, कणीस पुन्हा झाकायचं आणि पिशवीवर पेन्सिलीने तारीख घालायची. पेन चालत नाही. पाण्याचा थेंब पडला की शाई ओघळते आणि हंगामाची नोंद जाते.

असं पिढी दर पिढी स्वतःशीच फळवत नेलं की मका खंगतो. झाडं खुजी होतात, कणसं बोटाएवढी राहतात. काही ओळींत पांढरीफटक रोपं उगवतात आणि पंधरवड्यात मरतात, कारण त्यांच्यात हरितद्रव्यच नसतं. एरवी जे दोष जोडीतल्या चांगल्या जनुकाच्या आड दडून राहतात, ते इथे उघडे पडतात. बहुतेक सगळं फेकून द्यावं लागतं. खरीप आणि रब्बी असे दोन्ही हंगाम धरले तरी सहा-सात पिढ्यांना तीन-साडेतीन वर्षं जातात. मग हाताशी उरतात त्या थोड्या लाईन, आतून-बाहेरून एकसारख्या. हल्ली डबल हॅप्लॉइड पद्धतीने, म्हणजे एकेरी गुणसूत्रांचं रोप मिळवून ती दुप्पट करून, हेच काम दोनेक हंगामांत होतं. कर्नाटकात कुणिगलला सिमिट या आंतरराष्ट्रीय मका-गहू संशोधन संस्थेने 2021 साली त्याची सोय उभी केली. वेळ वाचतो, पण निवड करायला माणसाला शेतात उभं राहावंच लागतं.

मग या खुज्या लाईन एकमेकींशी जुळवायच्या. इथे जे घडतं ते इतकी वर्षं पाहूनही मला जुनं वाटत नाही. कमरेपेक्षा थोडी उंच आई, तसाच किरकोळ बाप, आणि लेकरू मात्र दोघांच्या डोक्यावरून जाणारं, रुंद पानांचं, टोकापर्यंत भरलेल्या कणसाचं. पण कोणाची जोडी कोणाशी जमेल, हे झाड बघून सांगता येत नाही. एकाशी दणकट निघालेली लाईन दुसऱ्याशी अगदीच बेताची निघते. ते पेरूनच कळतं. एवढं मात्र नक्की की जवळच्या रक्तातल्या दोन लाईनपासून जोम मिळत नाही. लग्न जमवताना गोत्र बघतात, तसं आम्ही लाईनचं घराणं बघतो.

अमेरिकेत जॉर्ज शल यांनी हे 1908 मध्ये मांडलं. अडचण बियाण्याची होती. संकराचा दाणा धरतो तो खुज्या आईच्या अंगावर. तिची कणसंच लहान, म्हणून बियाणं थोडं आणि महाग. कनेटिकटच्या डोनाल्ड जोन्स यांनी 1917-18 च्या सुमारास त्यावर तोड काढली. चार लाईन घ्यायच्या, आधी दोन संकर करायचे, मग त्या दोन संकरांचा पुन्हा संकर. त्यामुळे बियाणं जोमदार आईवर पिकू लागलं. आपल्याकडे 1957 मध्ये मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि 1961 मध्ये गंगा 1, गंगा 101, रणजीत आणि डेक्कन हे पहिले संकर आले, तेही असेच चार लाईनचे. पुढे लाईनच सुधारल्या, आणि आता बाजारात मुख्यतः दोन लाईनचा सरळ संकर असतो. म्हणजे बियाण्याचं ओझं पुन्हा त्या किरकोळ आईवर आलं आहे.

महाराष्ट्रातला शेतकरी पेरतो त्यातलं पुष्कळ बियाणं आंध्र आणि तेलंगणात पिकलेलं असतं. नाशिकच्या डोंगरात निघालेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या बाजूला रब्बीत थंडी सौम्य असते, पाण्याची खात्री असते, आणि अख्खा शिवार एकाच संकराला देणारी गावं मिळतात. दुसऱ्या मक्यापासून किमान 200 मीटर अंतर राखायचं तर गाव एकदिलाने सोबत असावं लागतं. एकट्या शेतकऱ्याच्या बांधावर वारा थांबत नाही. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, अशी पेरणी होते. मिशा निघतील त्या दिवसांत पराग सुटायला हवा, म्हणून नर काही दिवसांच्या फरकाने दोन हप्त्यांत पेरतात. मिशा काही दिवस वाट पाहतात, पण कडक उन्हात पराग काही तासांतच मरतो.

फुलोऱ्याआधी भेसळ काढायची असते. या शेतात सर्वांत देखणं, उंच, हिरवंगार झाड पहिलं उपटलं जातं. खुज्या लाईनमध्ये असं झाड उभं असेल तर कुठून तरी परका पराग आलेला आहे, हे त्याच्या जोमावरूनच ओळखू येतं. नवीन शेतकऱ्याचा जीव तिळतिळ तुटतो, आणि त्याला समजावण्यात माझी सकाळ जाते.

नंतरचे दोन आठवडे तुऱ्यांचे. मादी ओळीतला एकेक तुरा पोंग्यातून वर आला की, पराग सुटायच्या आत, उपटून काढायचा. हे काम बहुतेक बायाच करतात. मक्याच्या पानाची धार कातडी चिरते, म्हणून साडीवर घरधन्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्या-तोंडाला टॉवेल. डाव्या हाताने ताट धरायचं, उजव्या हाताने तुरा सरळ वर ओढायचा. तो 'टक्' करून निघाला तर मुळासकट निघाला. वाकडा ओढला तर खालची फांदी आतच राहते आणि दोन दिवसांनी पराग सोडते. सोबत पानं उपटली तर दाणा पोसत नाही. हाताला हे कळायला वेळ लागतो. माझी तेलुगू तोडकीमोडकी. पण राहिलेला तुरा दाखवायला बोट पुरतं, आणि पुष्कळदा त्या बायाच मला दाखवतात. गुडघ्याएवढ्या फुटव्याचा तुरा तर वाकून पाहिल्याशिवाय दिसतच नाही, आणि घात करतो तोच.

अमेरिकेत हे काम टाळण्यासाठी परागच न धरणारी मादी वापरू लागले होते. बहुतेक संकरांत हा गुण देणारं एकच पेशीद्रव्य, टेक्सास सायटोप्लाझम, आलं. त्यावर करप्याची नवी जात तुटून पडली आणि 1970 मध्ये देशाच्या मका पिकाचा सुमारे 15 टक्के हिस्सा गेला. त्यानंतर तुरे उपटणारे हात पुन्हा शेतात आले.

राहिलेल्या तुऱ्याने काय होतं? मादी स्वतःशीच फळते. तो दाणा संकराच्या दाण्यासारखाच दिसतो. वाळवून, निवडून, औषध लावून तोही पिशवीत जातो. रब्बीचं बियाणं जूनमध्ये पेरायचं असतं. पेरून शुद्धता पाहायला सवड फार थोडी, म्हणून आता नमुना डीएनए मार्करने तपासतात. पण नमुना म्हणजे नमुना. खरी चूक उगवते ती गिऱ्हाइकाच्या रानात: दणकट ताटांच्या मध्ये खुजं, फिकट झाड, खत आणि पाणी खाऊन कणीस न धरणारं. म्हणूनच उक्ती मजुरी देऊन, एकरावर घाईने उरकलेली तुरेकाढणी मला मान्य नाही. बायांना रोज पूर्ण द्यावा आणि दिवसातून दोन फेऱ्या कराव्यात. तो खर्च बियाण्याच्या भावात धरलाच पाहिजे.

आणि मका पेरणाऱ्यांना एक विनंती. बियाणं घेताना पक्की पावती घ्या. पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे लेबल शाबूत राहील. पावती, पिशवी आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तुरा पडू लागला की रानात पाच-सहा ठिकाणी शंभर-शंभर झाडं मोजा. खुजी, फिकट झाडं जास्त निघाली तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. कापणीनंतर दाखवायला काहीच उरत नाही.