खुराड्याआधी हंडा

जव्हार

ती. काकांस,


मोखाड्याच्या घरी अंड्यांसाठी बदके पाळावीत की कोंबड्या, हा आपल्या पत्रातील प्रश्न नुसत्या आकड्यांवर सोडवला तर कौल बदकाला जातो. कारण खाकी कॅम्पबेल ही मूळची इंग्लंडमधील जात चांगल्या निगराणीत वर्षाला 250 ते 300 अंडी देते, गावठी कोंबडी मात्र 50 ते 70 वर थांबते. शिवाय मानमोडीने, म्हणजे मान वाकडी करून खुराडेच्या खुराडे रिकामे करणाऱ्या विषाणूजन्य रोगाने, बदके सहसा दगावत नाहीत.

या हिशेबात पाणी धरलेले नाही. बदकाला तळे लागतेच असे नाही. परंतु नाकपुड्या व डोळे धुण्यासाठी डोके बुडेल इतके खोल पाणी त्याला रोज लागते आणि ते पाणी ते घटकाभरात गढूळ करून टाकते. जव्हार-मोखाड्याच्या कातळावर धो धो कोसळणारा पाऊस जमिनीत फारसा मुरत नाही, वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि बायकांना हंडा घेऊन लांब जावे लागते. (याच मोखाड्यातील मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते, हे कंसातच राहिलेले बरे.) उन्हाळ्यात बदकाचे अंडे कोणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यातून येते, ते डोके कोणाचे हे आधी ठरवावे.

दुसरी गोष्ट खुडूक कोंबडीची, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसणाऱ्या कोंबडीची. अंड्यांच्या व्यापाऱ्याला हा दोष वाटतो, पण पाड्यावरच्या घराला तोच गुण ठरतो. कारण 21 दिवसांत ती पिल्ले काढते, उकिरड्यावर त्यांना वाढवते, आणि पाहुण्याला, नवसाला वा अडीनडीला मोडता येणारी ठेव घरातच तयार होते. खाकी कॅम्पबेल सहसा अंड्यांवर बसत नाही, त्यामुळे तिचीही अंडी 28 दिवस कोंबडीखालीच ठेवावी लागतात; पुढे पिल्ले डबक्यात उतरली की काठावर त्या माउलीची होणारी घालमेल पाहवत नाही.

म्हणून माझा कल चार गावठी कोंबड्यांकडे आहे. अंडी अधिक हवी असल्यास हैदराबादेत विकसित झालेल्या वनराजाच्या दोन-तीन तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, सोबतीला ठेवाव्यात. परसाला लागून बारमाही ओहोळ असेल, तरच बदकांचा विचार करावा. कोंबड्या ठेवल्यास मानमोडीची पहिली लस मात्र पिल्लू आठवड्याचे होण्याच्या आत डोळ्यात थेंबाने घालावी लागते, आणि ती बर्फातूनच आणावी लागते.