खांब झालेला मुलगा

चाकण-तळेगाव रस्त्यावर खराबवाडीपाशी वाहतूक तुंबली होती. कंपनीच्या बसमधून एका शाळेचं मैदान दिसलं. फक्कीच्या रेघा, मधल्या पाटीवर उकिडवी बसलेली पोरं आणि बाईंचा चढलेला आवाज : "खो ऐकल्याशिवाय उठायचं नाही!" पोरं आधीच उठत होती.

सहा-सात वर्षांच्या पोराला पळायला काय शिकवायचं? शिकवायचं ते बसणं. एकाआड एक उलट्या तोंडांनी, टाचा उचलून, कान मागे लावून. पाठीवर थाप आणि खो एकदम आले की तोंड असेल तिकडेच सुटायचं, पुन्हा मागे वळायचं नाही. महिनाभर एवढंच घ्यावं. सामन्याची घाई मला आवडत नाही. आणि बाद झालेलं पोर कडेला बसवणारे खेळ तर लहान वर्गांत नकोतच. ज्याला पळायची गरज जास्त, तेच सगळ्यांत जास्त वेळ बसून राहतं.

निगडीला आमच्या शाळेत लाकडी खांब नव्हते. दोन टोकांना दोन मुलं उभी करत. बिहारहून नवीन आलेला एक धिप्पाड मुलगा कायमचा खांब. हात छातीशी बांधून, पाय रोवून उभा. पळणारे त्याची कंबर धरून गर्रकन वळत. सदऱ्याची शिवण काखेत उसवलेली असायची. मराठी त्याला बेताचंच येई, पण डाव सगळा त्याच्यासमोरून जाई. वळण्याआधी कोण खांदा टाकतं, कोण खो मिळण्याआधी ढुंगण उचलतं, हे त्याला पाठ होतं. वाद झाला की सर विचारत, "खांबा, तू सांग." तो नुसतं बोट दाखवी. त्याच्या बोटावर मी स्वतः दोनदा परत बसलोय, मुकाट्याने. पुढे सरांनी त्याला पाठलागाला घेतलं, तर पळणाऱ्याच्या खांद्याकडे बघून तो आधीच दिशा ओळखायचा. मग खांब कोणी व्हायचं, यावरून भांडणं सुरू झाली.

१९ जानेवारी २०२५ला दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या पिंपरी-चिंचवडचीच. तो अंतिम सामना मॅटवर झाला. इथल्या शाळांना मॅट नको, माती हवी. पण जिथे तिथे पटांगणात पेव्हिंग ब्लॉक बसताहेत. त्यावर सूर कोण मारेल? पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं. लहानांना निम्मंही पुरतं. तेवढा तुकडा मोकळा ठेवा, खडे वेचा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा.