पेशी कमी झाल्या म्हणजे नक्की काय?

पाऊस ओसरायला लागला की आमच्या लॅबच्या काउंटरवर दिवसभर एकच विचारणा: "पेशी किती आल्या?" विचारणाऱ्याचा रोख असतो प्लेटलेट्सकडे. पण बोलताना तो म्हणतो 'पांढऱ्या पेशी', आणि तेच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं. पांढऱ्या पेशी निराळ्या. त्या जंतूंशी लढणाऱ्या. डेंग्यूत त्याही घसरतात, त्यामुळे हा गोंधळ काही मिटत नाही. प्लेटलेट तर धड पेशीसुद्धा नाही. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे ते तुकडे. दोन-तीन मायक्रॉनचे, आठ-दहा दिवस टिकणारे. रक्तवाहिनीला कुठे भोक पडलं की तिथे चिकटून ते बुजवायचं, हे त्यांचं मुख्य काम.

एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्या साधारण पन्नासाव्या भागात, त्या दीड ते साडेचार लाख असतात. मोजतं मशीन, आणि इथेच मला थोडं सविस्तर सांगायचंय. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही मोजक्या लोकांच्या प्लेटलेट्स नेमक्या त्या रसायनामुळेच एकमेकींना चिकटतात. मशीनला तो झुबका प्लेटलेट म्हणून ओळखू येत नाही. माणूस ठणठणीत, आणि कागदावर 40 हजार! म्हणून कमी आकडा आला की काचेवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, लिशमन स्टेनने रंगवायचा आणि तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तांबड्या पेशींच्या गर्दीत जांभळट ठिपके दिसतात. नजरेच्या एका वर्तुळात सरासरी एक ठिपका असेल तर 15 ते 20 हजार, असा आमचा ढोबळ हिशेब. वर्तुळात एखाददुसराच दिसला, तर स्लाइडच्या शेपटाकडे सरकून झुबके शोधायचे. सापडले तर निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं. रिपोर्टला उशीर का, म्हणून काउंटरवर आवाज चढतात तेव्हा आत बहुतेकदा हेच चाललेलं असतं.

आकडा खरोखरच कमी असला, तरी डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा निव्वळ प्लेटलेट्स घटल्यामुळे नव्हे. केशवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात-छातीत उतरतं, रक्तदाब कोसळतो. हे कळायला त्याच रिपोर्टवर एक रकाना असतो, ज्याबद्दल मला जवळपास कुणीच विचारत नाही: हिमॅटोक्रिट, काही ठिकाणी पीसीव्ही. रक्ताचा किती टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलाय, ते तो सांगतो. पाणी झिरपलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. काल 40 होता, आज 48 झाला, तर प्लेटलेट्स 90 हजार असल्या तरी डॉक्टरांना ताबडतोब गाठावं. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की हे घडतं ताप उतरताना. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि इकडे पोटात कळा, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, विलक्षण ग्लानी. यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट बघत बसू नये.

उलट नुसता आकडा बघून प्लेटलेट्स चढवा म्हणून हट्ट धरण्यात अर्थ नसतो. रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा त्यांची गरज पडत नाही. सकाळी एका लॅबमध्ये 38 हजार आणि संध्याकाळी दुसरीकडे 45 हजार, याला मी वाढ म्हणत नाही. दोन मशीनमध्ये एवढा फरक पडतोच. आजार उताराला लागला की प्लेटलेट्स आपल्या आपण वर येतात. आदल्या दिवशी पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं: पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध किंवा त्या दिवसांत भाव खाणारी किवी.