रंगाचा शेवटचा हात

जुनी वस्तू नवी करणे म्हणजे तिला रंग फासणे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ऊन, पाऊस व धूळ यांचा मारा सोसतो तो रंगावर चढविलेला पारदर्शक लेप. सावंतवाडीचे चितारी गंजिफांवर चित्रे काढून त्यांच्या रक्षणार्थ लाखेचा लेप देतात, त्यातील तत्त्व हेच. मोटारसायकलीवरील क्लिअर कोट हा त्या लाखेचाच कारखान्यात जन्मलेला भाऊबंद होय.

आमच्या घरी वडिलांची येझदी आहे. म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्या १९९६ पर्यंत तयार होत. तिच्या टाकीचा व मडगार्डांचा रंग पोपडे धरून सुटू लागला, तेव्हा तो फवाऱ्याच्या डब्याने घरीच द्यावा, असे मी व माझ्या धाकट्या बंधूने ठरविले. अशा डब्यात रंग भरण्याची युक्ती अमेरिकेतील एडवर्ड सेमूर यांनी १९४९ साली काढली. आम्हांस मार्गदर्शक लाभले ते आमचे काका. त्यांच्या उमेदीची पंचवीस वर्षे रंगकामाच्या एका गॅरेजात गेली.

गारगोटीचा पाऊस सरेपर्यंत डब्यास हात लावू नये, ही त्यांची पहिली आज्ञा. रंगातील पातळ द्रव झपाट्याने उडून जाताना पत्रा थंड पडतो, दमट हवेतील ओल त्यावर धरते आणि काचेसारखा दिसावयाचा लेप दुधाळ होतो. म्हणून आम्ही दसऱ्यानंतरची कोरडी सकाळ धरली. पत्रा पॉलिश पेपरने घासला, धुऊन वाळविला, प्राइमर दिला. डबा दोन मिनिटे हालवावा; तो पत्र्यापासून वीतभर दूर धरावा; फवारा कडेच्या बाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर सोडावा; एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, आणि दोहोंमध्ये दहापंधरा मिनिटे धीर धरावा. हे सर्व काका पडवीच्या पार दुसऱ्या टोकावरून सांगत होते. आम्ही अंगणात, तोंडावर कोळशाच्या गाळणीचा मुखवटा बांधून.

मडगार्डे उत्तम साधली. प्रश्न उरला टाकीचा. साध्या डब्यातील लेप पेट्रोलचा ओघळ लागताच मऊ पडतो. पेट्रोलला दाद न देणारा लेप दोन द्रव्यांचा असतो; दुसरे द्रव्य मिसळले की तो आतून घट्ट होतो. तोही डब्यात मिळतो. "मग तोच आणू, स्वस्तात काम होईल," असे बंधू म्हणाला. काकांनी उत्तर दिले नाही. खिशातून दम्याचा पंप काढून त्यांनी कट्ट्यावर ठेवला.

त्या दुसऱ्या द्रव्यात आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे जात राहिला तर काहींस दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे त्याचा अत्यल्प अंशही छाती आवळतो. साध्या कोळशाच्या गाळणीवर तेथे विसंबता येत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा व वारा खेचणारी बंद खोली लागते. काकांच्या गॅरेजात मुखवटा म्हणजे तोंडाला गुंडाळलेला रुमाल होता.

"रंग बिघडला तर घासून पुन्हा देता येतोय, पोरांनो," काका म्हणाले, "छाती घासून पुन्हा मिळत न्हाई."

टाकी आम्ही कोल्हापुरास, जेथे तशी खोली व तसा मुखवटा आहे तेथे पाठविली. खर्च अधिक आला. वडिलांनी तो कुरकुर न करता दिला.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, चकाकणारी वस्तू पाहून तिची किंमत विचारण्याची आपल्याला सवय असते. ती कोणी चकाकविली आणि त्या वेळी त्याच्या तोंडावर काय बांधलेले होते, हेही विचारीत जावे. पारदर्शक लेप दिसत नाही, म्हणूनच त्याखालचे सारे टिकते. तसेच न दिसणारे श्रम करणाऱ्या माणसाचे रक्षण करणे हे त्याच्या कामाचा उपभोग घेणाऱ्या आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.