पोटभाडेकरू विंडोज

कुर्ला पूर्वेला, नेहरूनगरच्या एसटी आगाराच्या अलीकडे डीटीपीवाले एक काका आहेत. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची पानं. मुलाने त्यांना हौसेने एम-वनचा मॅकबुक घेऊन दिला. तो घेऊन काका माझ्याकडे आले. "याच्यात पेजमेकर टाकून दे रे. लॉक आणलंय." लॉक म्हणजे डोंगल. मराठी टायपिंगच्या पॅकेजबरोबर पंधराएक वर्षांपूर्वी मिळालेलं.

हे सगळं विंडोजवर चालणारं. इंटेलच्या मॅकवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकणं एका दुपारचं काम होतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे पोटभाडेकरू: दार वेगळं, पाण्याची लाइन घरमालकाचीच. दोघांची भाषाही एकच, इंटेलची एक्स८६. त्यामुळे विंडोजच्या आज्ञा थेट प्रोसेसरवर चालायच्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम-वन आणला, तो एआरएम जातीचा. आता भाडेकरूही एआरएमच बोलणारा हवा. गिऱ्हाइकांना वाटतं, मॅकवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं पॅरलल्स भाषांतर करतं. छे! ते सहसा फक्त खोली देतं. खोलीत राहतं एआरएमचं विंडोज, आणि जुन्या प्रोग्रॅमच्या आज्ञा तेच लागतील तशा उतरवून घेतं. ॲपलचं रोझेटा २ मॅकच्या प्रोग्रॅमांचं बरंचसं भाषांतर आधीच करून ठेवतं. मोडीचा एक जाणकार सगळं दप्तर एकदम देवनागरीत उतरवतो, दुसरा गरजेपुरतं पान काढून वाचतो, तसं.

पेजमेकर ७, म्हणजे २००१ सालचा प्रोग्रॅम, झटकन उघडला. काकांच्या जुन्या फाइलमध्ये काना, मात्रा, रफार जागच्या जागी. काका खूश. मग त्यांनी एक कळ दाबली आणि उमटलं इंग्रजी अक्षर. फाँट ही नुसती फाइल, ती कुठेही दिसते. मराठी टाइप करून देणारं इंजिन मात्र आधी लॉक शोधतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॉकसमोर पिवळा त्रिकोण.

गोम इथेच आहे. विंडोजचा दुभाष्या प्रोग्रॅमपुरता. लॉकचा ड्रायव्हर चालतो कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, आणि तिथे दुभाष्याला मज्जाव. ड्रायव्हर एआरएमसाठीच बांधलेला लागतो. इतक्या जुन्या पॅकेजसाठी तो कोण बांधणार? कंपनीला फोन केला, तर "नवीन व्हर्जन घ्या." सी-डॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळापासून आपली अक्षरं कुठल्या ना कुठल्या हार्डवेअरला बांधलेली, त्याचा असा हिशेब चुकता करावा लागतो.

मग अख्खा इंटेलचा पीसीच सॉफ्टवेअरमध्ये उभा केला. फाब्रीस बेलारचं २००३ सालचं क्यूएमू हेच करतं. आत विंडोज एक्सपी, त्यात जुना ड्रायव्हर. लॉक ओळखलं! पण आता एकूण एक आज्ञेचं भाषांतर, अगदी एक्सपीच्या स्वतःच्या आज्ञांचंही. काका 'श्री' टाइप करून चष्मा पुसायचे, मग ती पडद्यावर यायची.

"काका, तुमचा जुना डबा कुठंय?"

"पोटमाळ्यावर."

तो ड्युअल कोर खाली काढला, धूळ झटकली, टेबलाखाली ठेवला. नेटवर्कवरून त्याचा पडदा मॅकवर आणला. पंख्याची घरघर परत आली म्हणून काकू कुरकुरतात. लॉक मागच्या बाजूला खोचलेलं आहे. काकांनी त्यावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलंय, 'हात लावू नये.'